देशभरातल्या स्प्रिंगटेलची चेकलिस्ट करताय? नावं मोजण्याआधी नमुने शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देशातल्या स्प्रिंगटेलची, म्हणजे माती-पालापाचोळ्यात राहणाऱ्या, उड्या मारणाऱ्या बारीक कोलेम्बोला प्राण्यांची यादी करायला घेतलीये, जुन्या पेपरांमधून मिळाली तेवढी नावं काढून एक्सेलमध्ये भरलीत, आता पुढे शंभरेक ठिकाणची माती आणून फनेलला लावायची (वर दिवा, खाली बाटली, माती सुकत गेली की प्राणी खाली उतरून बाटलीत पडतात) की सरळ डीएनए बारकोडिंग करून, म्हणजे डीएनएच्या एका तुकड्यावरून ओळखून वेळ वाचवायचा, आणि शेवटी "आपल्याकडे इतक्या प्रजाती आहेत" हा आकडा द्यायचा कसा. मी बरीच वर्षं हेच काम करत आलेय, म्हणून सविस्तरच लिहिते, उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

माझ्या मते तुमचा सगळ्यात अवघड भाग तुमच्या एक्सेलमध्येच बसलाय. त्या शीटमधली नावं वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या लोकांनी छापलेली आहेत. त्यातल्या किती नावांमागे आज मायक्रोस्कोपखाली ठेवून बघता येईल असा प्राणी कुठेतरी शिल्लक आहे, हे कळेपर्यंत त्या नावांची बेरीज करून हाती काही लागत नाही. १७५८ मध्ये लिनियसने हे सगळे पोड्युरा या एकाच जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या एकाच गटात घातले होते, आज चार ऑर्डर, म्हणजे त्याहून बरेच मोठे गट आहेत आणि जगभरात नऊ हजारांच्या वर प्रजातींची वर्णनं झालीत, मग मधल्या काळात किती नावं फुटली, किती एकमेकांत मिसळली आणि किती या जीनसमधून त्या जीनसमध्ये गेली असतील याचा अंदाज करा.

एक उदाहरण देते, कारण हे प्रकरण तुमच्या यादीत असणारच. ऑनिकियुरस आर्माटस. जुन्या याद्यांमध्ये हे नाव सर्रास सापडतं. पांढरा, डोळे नसलेला, मातीत राहणारा, पोटाच्या शेवटी दोन काटे, एवढं दिसलं की दिलं हे नाव. नंतर हर्मान गिसिनने १९५२ मध्ये या नावाची फोड केली. या कुळातल्या प्राण्यांच्या त्वचेवर स्यूडोसेली नावाच्या बारीक गोल खुणा असतात, कुठल्या भागावर त्या किती आहेत ते मोजलं की एका नावाखाली अनेक प्रजाती निघतात. आज मूळ प्रजाती प्रोटाफोरुरा आर्माटा म्हणून ओळखली जाते, पण फोड होण्याआधीच्या पेपरात "ऑनिकियुरस आर्माटस, जंगलातली माती" एवढंच लिहिलं असेल तर तो नेमका कोण होता हे स्लाइड बघितल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. आयसोटोमा व्हिरिडिसचंही तसंच, रंगाचे फरक म्हणून सोडून दिलेल्यांमध्ये आयसोटोमा अँग्लिकानासारख्या वेगळ्या प्रजाती निघाल्या. अशा वेळी लोक काय करतात, जुनं नाव काढून त्या जागी आजचं वैध नाव टाकतात आणि रेकॉर्ड पुढे चालवतात. हे करू नका. नाव अपडेट झालं म्हणजे ओळख पक्की झाली असं होत नाही, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून शीटमध्ये कॉलम वाढवा. पेपरात जसं छापलंय तसंच नाव एका कॉलममध्ये, स्पेलिंगच्या चुकीसकट, त्याला हात लावायचा नाही. शेजारी आजचं वैध नाव. मग ठिकाण, तारीख, अधिवास, कुणी ओळखलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नमुना कुठे आहे आणि तुम्ही तो बघितला का. त्यावरून प्रत्येक रेकॉर्डचा दर्जा ठरवा: नमुना बघून खात्री झालेलं, नमुना बघितला नाही पण वर्णन आणि चित्रं इतकी चांगली आहेत की शंका घ्यायला जागा नाही, शंकास्पद, आणि यादीतून काढलेलं. काढलेली नावं डिलीट करू नका. ती कारणासकट वेगळ्या तक्त्यात छापा, नाहीतर पाच वर्षांनी कुणीतरी तोच जुना पेपर शोधून काढणार आणि "तुमच्या यादीतून हे सुटलंय" म्हणत ते नाव परत आत घालणार.

आता हे सगळं कितपत जमेल ते परिस्थितीवर आहे, इथे सरसकट सल्ला देता येत नाही. तुमच्याकडे आधी कुणी चांगलं काम केलं असेल आणि त्या स्लाइड्स म्युझियममध्ये नीट असतील तर पहिलं वर्ष तिथेच घालवा, माती नंतर. स्लाइड्स दुसऱ्या देशात असतील, टाइप नमुन्यांच्या, म्हणजे ज्यांवरून प्रजातीला पहिल्यांदा नाव दिलं त्या नमुन्यांच्या बाबतीत हे फार वेळा असतं, तर क्युरेटरला लिहून फोटो मागता येतात, पण फोटोत केसांची मांडणी दिसेलच असं नाही, शेवटी कधीतरी जावं लागतं. आणि आधीचं काम जवळपास नसेलच तर उलट बरं, जुना गुंता कमी, पण मग प्रत्येक प्रजातीला ओळख पटवायला तुमच्याकडे प्रादेशिक 'की', म्हणजे एकेक लक्षण तपासत नावापर्यंत नेणारा तक्ता नसणार. दुसऱ्या खंडाची की वापरून इथले प्राणी ओळखायला गेलात तर की तुम्हाला कुठल्या ना कुठल्या नावावर नेऊन सोडतेच, तिला "यापैकी कुणीच नाही" म्हणता येत नाही. उष्ण प्रदेशातल्या याद्यांमध्ये युरोपातली नावं एवढी दिसतात त्याचं एक मोठं कारण हे आहे. त्यातले काही खरोखरच माणसाबरोबर, कुंड्यांतल्या मातीबरोबर आलेले असतात, त्यामुळे ती सगळीच खोटी असंही म्हणता येत नाही, एकेक तपासावं लागतं. आणि बाहेरून आलेले म्हणून खात्री पटली की त्यांना यादीत तसं मार्क करा.

सॅम्पलिंगबद्दल. शंभर ठिकाणांची प्रत्येकी एकेक मातीची नळी ही योजना मला पटत नाही, कारण त्यातून शंभर वेळा साधारण तेच ते मातीतले सामान्य प्राणी मिळतील. घनतेची अडचण नसतेच, चांगल्या जंगलात एका चौरस मीटरमध्ये हजारो, कधी लाखाच्या आसपास स्प्रिंगटेल असतात. अडचण असते ती वेगवेगळ्या जागांची. तीसच ठिकाणं घ्या, पण प्रत्येक ठिकाणी पालापाचोळा, वरची माती, खोलवरची माती, शेवाळ, झाडाची साल, कुजकं लाकूड, बुरशी, गवत, फांद्या झटकून, आणि असेल तिथे तळ्याचा काठ हे सगळं वेगवेगळं घ्या. पाण्याच्या पृष्ठभागावर पोड्युरा अ‍ॅक्वाटिका आणि स्मिन्थुरिडिस मिळतील, ते फनेलमधून सहसा येत नाहीत, त्यांना पसरट चमच्याने किंवा बारीक जाळीने उचलायचं. मुंग्यांच्या वारुळात सायफोडेरस, समुद्रकिनारी भरतीच्या रेषेत अनुरिडा मारिटिमा, गुहांमध्ये तर वेगळंच जग. समुद्रकिनारा आणि गुहा या दोन जागा देशाच्या याद्यांमधून सर्रास सुटतात.

फनेलचं तंत्र जुनंच आहे, बर्लीझने १९०५ मध्ये आणलं, टुलग्रेनने पुढे त्यावर विजेचा दिवा लावला, अजूनही तेच चालतं. पण दिवा पहिल्याच दिवशी पूर्ण पेटवून माती भाजू नका. मऊ, पांढरे, खोल मातीतले प्राणी हळू चालतात, माती झपाट्याने सुकली तर ते खाली पोचायच्या आत मरतात आणि तुमच्या यादीत वरवर पळणारेच भरतात. पहिले एकदोन दिवस दिवा मंद ठेवा, मग वाढवा, एकूण आठवडाभर द्या. मातीचा गोळा उलटा ठेवा, म्हणजे मूळचा वरचा भाग खाली, कारण वरच्या भागात पोकळ्या मोठ्या असतात आणि बाहेर पडायला वाट सोपी होते. खालच्या बाटलीत अल्कोहोल ठेवलं असेल तर वर तरंगणारा तवंग फेकू नका! यांची कातडी पाणी धरत नाही, त्यामुळे बरेच जण बुडतच नाहीत, पृष्ठभागावर बारीक पावडर पसरल्यासारखे दिसतात. आणि ऋतू बदलून परत त्याच जागी जा. कोरड्या दिवसांत अंडी किंवा सुप्त अवस्थेत बसलेल्या प्रजाती ओल आल्यावरच दिसतात.

लेबल बाटलीच्या आत टाका, पेन्सिलीने लिहिलेलं. बाहेरचं लेबल अल्कोहोलने पुसलं जातं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दर वर्षी कुणाच्या तरी बाटल्या बिनओळखीच्या होतात.

आता मायक्रोस्कोप, कारण खरा वेळ इथे जातो आणि प्लॅन करताना हाच वेळ कुणी धरत नाही. अल्कोहोलमधला प्राणी सरळ स्लाइडवर ठेवला तर रंगामुळे काही दिसत नाही. लॅक्टिक अ‍ॅसिडमध्ये ठेवून हलकं गरम करायचं, रंग हळूहळू उतरतो, डोळ्यांचा काळा ठिपका सगळ्यात शेवटी. त्यावर लक्ष ठेवायचं, कारण एका बाजूला जास्तीत जास्त आठ डोळे असतात, ते आठ आहेत की सहा की दोन यावर जीनस आणि प्रजाती ठरते, आणि नीट मोजता येतात ते रंग उतरल्यावरच. मग एक प्राणी पाठ वर करून, दुसरा कुशीवर, आणि फर्का, म्हणजे उडी मारायचा तो पोटाखालचा दुभंगलेला अवयव, सुटा करून बाजूने दिसेल असा ठेवायचा. फर्काच्या टोकाच्या म्युक्रोला दात किती आहेत ते वरून बघून कळत नाही. लेपिडोसिर्टस किंवा टोमोसेरससारखे खवलेवाले असतील तर बारीक ब्रशने खवले झाडून टाका, त्याखालच्या मोठ्या केसांच्या खाचा दिसल्या पाहिजेत, ओळख त्यांच्या जागांवरून होते. गोल अंगाच्या सिम्फिप्लिओनांचं डोकं वेगळं करून ठेवलेलं बरं. काच जोरात दाबू नका, शरीर चपटं झालं की केस आपल्या जागेवरून सरकतात आणि मग तुम्ही नसलेल्या प्रजातीचं वर्णन करून बसता.

हे सगळं करण्याआधी फोटो काढा, शक्यतो जिवंतपणी. एन्टोमोब्रिया, आयसोटोम्युरस यांच्यात रंगांचे पट्टे ओळखीला लागतात आणि अल्कोहोलमध्ये ते फिके पडतात, लॅक्टिक अ‍ॅसिडनंतर तर काहीच उरत नाही.

माउंटिंगला, म्हणजे प्राणी स्लाइडवर बसवायला लोक हॉयरसारखं गोंदाचं मिश्रण वापरतात आणि मीही वापरते, त्यात बारीक केस सुरेख दिसतात. पण ते कायमचं नसतं, कडा सील केल्या नाहीत तर काही दशकांनी त्यात स्फटिक धरतात आणि नमुना हातचा जातो. कॅनडा बाल्सम टिकतं, पण त्यात केस पुसट होतात कारण प्रकाश दोन्हींतून जवळपास सारखाच वाकतो. माझी पद्धत अशी की प्रत्येक प्रजातीचे काही प्राणी स्लाइडवर आणि उरलेले अल्कोहोलमध्ये राखून ठेवायचे, स्लाइड गेली तरी नमुना राहतो.

बारकोडिंगबद्दल तुम्ही विचारलंय. करा, जरूर करा, पण मायक्रोस्कोपच्या ऐवजी करू नका. बारकोड म्हणजे सीओआय जीनचा साधारण ६५८ बेसचा तुकडा, तो वाचून तुम्हाला एक अक्षरमाळ मिळते. तिला नाव द्यायला रेफरन्स डेटाबेसमध्ये कुणीतरी आधी नीट ओळखून टाकलेली तीच प्रजाती लागते, आणि बहुतेक देशांतल्या स्प्रिंगटेलसाठी ती नसते. मग तुमच्या यादीत "एन्टोमोब्रिया एसपी १४" अशा, प्रजातीचं नाव नसलेल्या ओळी भरतात. दुसरं म्हणजे स्प्रिंगटेलमध्ये एकाच नावाखाली खूप खोलवर वेगळ्या झालेल्या वंशरेषा सापडतात. पॅरिसोटोमा नोटाबिलिससारखी सगळीकडे सापडणारी, सगळ्यांना ओळखता येणारी प्रजातीसुद्धा बारकोडमध्ये अनेक तुकड्यांत फुटते. त्या तुकड्यांना वेगळ्या प्रजाती म्हणायचं का? त्यात अनेकजण नराविना पुनरुत्पादन करणारे, फोल्सोमिया कॅन्डिडात तर हे वोल्बाकिया या जिवाणूमुळे होतं, म्हणजे "आपसांत प्रजनन करतात ती एक प्रजाती" ही व्याख्या इथे लागूच पडत नाही. मी अशा वेळी यादीत एकच नाव ठेवते आणि खाली लिहिते की इथे इतक्या वंशरेषा मिळाल्या. सीओआयबरोबर पेशीकेंद्रातल्या (न्यूक्लिअर) जीननेही तोच फरक दाखवला आणि शरीरावरही काही सापडलं, तरच वेगळी प्रजाती.

जिथे बारकोडिंग फार कामाला येतं ते म्हणजे पिल्लं मोठ्यांशी जोडायला, आणि नर-मादी वेगळे दिसतात तिथे. आणि कृपा करून अख्खा प्राणी चिरडून डीएनए काढू नका. एन्झाइमच्या द्रावणात ठेवला की आतलं मांस विरघळतं आणि कातडी शाबूत राहते, उलट स्वच्छ होते, ती उचलून स्लाइड करा. ज्या प्राण्याचा बारकोड त्याच प्राण्याची स्लाइड, यापेक्षा चांगला पुरावा या कामात मिळत नाही. यासाठी मात्र नमुने सुरुवातीपासून ९६ टक्के अल्कोहोलमध्ये आणि थंड ठेवावे लागतात, ७० टक्क्यांत वर्षभर खोलीत पडलेल्यांकडून फार अपेक्षा ठेवू नका.

आता आकडा. तुम्ही चाओ-१, म्हणजे न सापडलेल्या प्रजाती धरून एकूण संख्येचा अंदाज देणारं सूत्र वापरायचं म्हणताय, चांगलं आहे, पण ते कशावर उभं आहे ते बघा. बघितलेल्या प्रजातींमध्ये ते एक भर घालतं: एकदाच सापडलेल्या प्रजातींच्या संख्येचा वर्ग, भागिले दोनदा सापडलेल्यांच्या संख्येची दुप्पट. समजा २०० प्रजाती मिळाल्या, त्यातल्या ६० एकेकदाच, २० दोनदा. ६० चा वर्ग ३६००, भागिले ४०, म्हणजे ९०. अंदाज २९०. आता समजा त्या ६० पैकी २० प्रत्यक्षात सामान्य प्रजातींची पिल्लं होती आणि केस कमी दिसले म्हणून वेगळी धरली गेली. बघितलेल्या प्रजाती १८०, एकेकदा सापडलेल्या ४०, भर पडते फक्त ४० ची, अंदाज २२०. वीस चुकीच्या ओळखींनी अंदाज सत्तरने फुगवला! आणि चुकीची ओळख बहुतेक वेळा एकट्यादुकट्या प्राण्यातच होते, म्हणजे ही सूत्रं जिथे सगळ्यात नाजूक आहेत नेमकी तिथेच. स्प्रिंगटेल मोठे झाल्यावरही कात टाकत राहतात, काहींमध्ये ऋतूनुसार म्युक्रोचा आणि काट्यांचा आकारसुद्धा बदलतो, त्यामुळे हा धोका इथे बाकीच्या गटांपेक्षा जास्त. म्हणून आकडेमोडीला बसण्याआधी एकेकदाच सापडलेला प्रत्येक नमुना परत मायक्रोस्कोपखाली घ्या, शक्य असेल तर दुसऱ्या माणसाकडून बघून घ्या. आणि हा अंदाज तुम्ही ज्या जागा घेतल्यात त्यांच्यापुरताच असतो. गुहेत गेलाच नाहीत तर गुहेतल्या प्रजाती सूत्रातून येणार नाहीत.

छापताना मी एक आकडा कधीच देत नाही. खात्रीच्या इतक्या, शंकास्पद इतक्या, नाव न देता आलेल्या पण नक्की वेगळ्या इतक्या, असे तीन देते. पेपरच्या गोषवाऱ्यात ते जरा अडगळीचं दिसतं, संपादक कधीकधी एकच आकडा मागतात, तरी अडून राहा. एकदा एकच आकडा छापला की पुढची वीस वर्षं लोक तोच उचलतात आणि त्यातला अर्धा भाग शंकास्पद होता हे कुणाला आठवत नाही. रेकॉर्ड्सचा मूळ तक्ता डार्विन कोअर या जैवविविधतेच्या नोंदींच्या ठरलेल्या साच्यात बसवून जीबीआयएफ या जागतिक खुल्या डेटाबेसवर टाका, आणि नमुने स्वतःच्या कपाटात ठेवू नका, ज्या संग्रहात क्युरेटर आहे तिथे नंबर लावून द्या आणि तो नंबर प्रत्येक ओळीत लिहा.

तर तुमच्या जागी मी असते तर क्रम असा धरला असता: आधी एक्सेलमधल्या नावांचे दर्जे ठरवणं आणि जुन्या स्लाइड्सचा माग, त्याच वेळी दोनतीन जवळच्या जागांवर सगळे अधिवास धरून सॅम्पलिंग आणि स्लाइड करायचा सराव, मग देशभराच्या जागा, आणि बारकोडिंग निवडक गटांचं, जिथे मायक्रोस्कोपने निकाल लागत नाही तिथलं. सगळे गट एकदम घेऊ नका. एन्टोमोब्रिडी आणि आयसोटोमिडी आधी घ्या, संख्येने जास्त असतात आणि हात बसतो, नीलिप्लिओना हे अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरचे गोल पांढरे प्राणी शेवटी.

तुमच्याकडे फेज कॉन्ट्रास्ट किंवा डीआयसी (पारदर्शक गोष्टी ठळक दाखवणारी सोय) असलेला मायक्रोस्कोप आहे का, आणि जुन्या संग्रहाचा काही पत्ता लागलाय का, तेवढं कळवा. साध्या प्रकाशावरच काम करायचं असेल तर लॅक्टिक अ‍ॅसिडची वेळ आणि माउंटिंगचं मिश्रण दोन्ही बदलावं लागेल, त्याचं प्रमाण मग वेगळं लिहून देते.